पुसून तेल लावलं तरी पुन्हा गंज: जुन्या लाकडी मशिनिस्ट पेटीचं दुखणं

लक्षण ओळखीचं असेल. जुनी ओकची मशिनिस्ट पेटी, म्हणजे यंत्रावर धातूकाम करणाऱ्या कारागिराची खणाखणांची हत्यारपेटी, हौसेनं घेतली, झाडून-पुसून घेतली, मायक्रोमीटर, गुण्या, व्हर्नियर, टॅप-डाय असं सगळं खणाखणांत मांडलं. महिना-दीड महिन्यानं खण ओढला तर गुण्याच्या पात्यावर तांबूस ठिपके. पुसले, तेल लावलं, परत ठेवलं. पुढच्या महिन्यात तेच ठिपके, जवळपास त्याच जागी. मग जास्त तेल. मग भारीतलं तेल. ठिपके आपले हजर.

माझ्याकडे हा खेळ दोन वर्षं चालला. मी हत्यारांवर उपाय करत होतो आणि आजारी होती पेटी. बरं, पेटीतही दुखणं एकच असतं तर लवकर सापडलं असतं. माझ्या पेटीत तीन होती.

आधी गंज कुठे आहे ते बघा

पुसायची घाई करू नका. खण जसाच्या तसा बाहेर काढा, फोटो घ्या आणि प्रत्येक हत्यार उलटून बघा. गंज खालच्या बाजूला, म्हणजे बनातीला (खणात चिकटवलेल्या लोकरी कापडाला) टेकणाऱ्या भागावरच असेल तर संशय अस्तरावर. वरच्या उघड्या बाजूवर, सगळ्या खणांत सारखाच, पातळ धुरकट थर असेल तर हवेतला दमटपणा किंवा रात्री धरणारं दव. बोटांचे ठसे उमटल्यासारखा गंज असेल तर तो घामाचा, पेटीला बोल लावू नका. आणि एकाच खणात सगळं गंजतंय, शेजारच्या खणात काही नाही, असं असेल तर त्या खणात ठेवलेल्या एखाद्या वस्तूवर नजर ठेवा.

लोखंडाशिवाय बाकीचे धातूही बघा. पितळेवर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसतंय का, शिशाच्या तुकड्यावर पांढरी भुकटी धरलीय का? नुसत्या दमट हवेनं शिसं पांढरं पडत नाही. ती भुकटी दिसली तर आत आम्लाची वाफ फिरतेय असं समजा. तिला फुंकर मारू नका, बोटानं खरवडू नका, ओल्या फडक्यानं टिपा आणि हात धुवा. शिशाचे क्षार पोटात जाणं वाईट.

माझा नकाशा असा निघाला: खालच्या दोन खणांत गंज फक्त खालच्या अंगाला, डागांना बनातीच्या विणीसारखी बारीक जाळी. वरच्या कप्प्यात जवळजवळ काही नाही. मधल्या डाव्या खणात मात्र वरून, खालून, कडेनं, सगळीकडून; आणि तिथल्या एका पितळी मुठीवर हिरवट चिकट थर.

स्वस्तातली चाचणी

नकाशावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. म्हणून एकाच साध्या लोखंडी पट्टीचे पाच-सहा तुकडे कापा, 400 नंबरच्या पॉलिश पेपरनं चकचकीत करा, स्पिरिटनं तेलाचा अंश काढा आणि नंतर बोट न लावता चिमट्यानंच हाताळा. एक तुकडा खणात थेट बनातीवर. दुसरा त्याच खणात, पण खाली साध्या पॉलिथिनचा तुकडा घालून. तिसरा दुसऱ्या खणात. चौथा पेटीबाहेर, त्याच खोलीत उघड्यावर. जोडीला एखाद्या खणात शिशाची तार ठेवा. तीन-चार आठवडे थांबा.

वस्तुसंग्रहालयांत याच धर्तीची कडक परीक्षा घेतात. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये मांडलेली ही पद्धत त्यांच्याच नावानं ओळखली जाते: संशयित लाकूड किंवा कापड, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांचे तुकडे एका बंद भांड्यात 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस. आपल्याला भट्टी नको. आपली पेटी रोजच्या हवेत काय करते तेवढंच बघायचंय.

माझ्याकडे बनातीवरचा तुकडा बाराव्या दिवशी डागला, पॉलिथिनवरचा महिनाभर स्वच्छ राहिला. उघड्यावरच्या तुकड्यावर हलकीशी छटा. म्हणजे खोलीची हवा पूर्ण निर्दोष नव्हती, पण मुख्य गुन्हेगार बनातच.

बनात कशी गंजवते

लोकरीचं कापड आपल्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा हाताला ओलं न लागता धरून ठेवू शकतं. त्यात पन्नास-साठ वर्षांचं तेल मुरलेलं असतं. तेल जुनं झालं की हवेशी संयोग होऊन आंबतं, आम्लधर्मी होतं. त्यात भर म्हणजे आधीच्या मालकाच्या हातचा घाम, म्हणजे मीठ, आणि लोखंडाचा बारीक कीस. आपण वरून नवं तेल ओततो ते हत्याराला कमी आणि बनातीला जास्त मिळतं. मी दोन वर्षं या आजाराला खुराक घालत होतो!

बनात ठेवायची की काढायची हे मात्र पेटी कोणती आहे त्यावर ठरवा. कात्री हातात घेण्याआधी पेटीची ओळख पटवून घ्या.

झाडाझडती: ही पेटी कुणाची?

झाकणाच्या आत, पुढच्या फळीवर किंवा कुलपाशेजारी धातूची छोटी पट्टी किंवा तिच्या खिळ्यांची भोकं शोधा. अमेरिकी पेट्यांत सगळ्यात नावाजलेलं घराणं एच. गर्स्टनर अँड सन्स, ओहायोतल्या डेटनचं, 1906 पासूनचं. ते आजही पेट्या बनवतात. मात्र पट्टीवर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द असेल तर ती अलीकडची आयात केलेली मालिका, तिला जुनी म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर सावध. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या युनियन टूल चेस्ट कंपनीच्या पेट्याही भरपूर फिरतात. इंग्लंडात याच वस्तूला टूलमेकरचं किंवा इंजिनिअरचं कॅबिनेट म्हणतात. तिथल्या पेट्यांवर शेफील्डच्या मूर अँड राइटचं नाव सापडतं. आणि कित्येक पेट्यांवर कुणाचंच नाव नसतं, कारण उमेदवारी करणारी पोरं स्वतःची पेटी स्वतः करत. अशा पेटीचे सांधे थोडे वेडेवाकडे असतात. मला त्या जास्त आवडतात, पण ते सोडा.

मधोमध एक उंच, जवळजवळ चौकोनी खण असेल तर तो मशिनरीज हँडबुक या यंत्रकामाच्या संदर्भपुस्तकासाठी. हे जाडजूड, खिशाच्या मापाचं पुस्तक पहिल्यांदा 1914 मध्ये निघालं आणि पेट्या करणाऱ्यांनी त्याला घर दिलं. काळ ठरवायला आणखी दोन खुणा: खणाचा तळ हार्डबोर्डचा असेल तर तो 1920 च्या दशकाच्या मध्याआधीचा नाही, आणि फुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू मुळातलेच असतील तर पेटी 1930 च्या दशकाच्या मध्यानंतरची. ‘मुळातलेच’ या शब्दावर जोर आहे. एक स्क्रू सोडवून बघा. भोकात जुन्या स्क्रूचे वेगळ्या मापाचे आटे दिसले तर कुणीतरी मध्ये हात घातलाय.

लाकूड ओकच आहे का हे बघायचं तर खणाच्या दर्शनी पट्टीवर तिरपा उजेड पाडा. ओकमध्ये माशाच्या खवल्यासारखे चमकणारे तुटक पट्टे दिसतात, आणि लाकूड गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं चिरलेलं असेल तर फारच ठळक. अक्रोडाच्या, महोगनीच्या पेट्याही असतात. काही पेट्या लाकडावर काळं लेदरेट, म्हणजे नकली कातडं, चिकटवलेल्या. त्यांना थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नका. त्या काळचं बरंचसं लेदरेट म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेलं कापड, थिनरनं ते विरघळून हाताला येतं.

नाव असलेली, मूळ बनात शाबूत असलेली पेटी असेल तर बनात उपटू नका. वरून ब्रशच्या तोंडाचा व्हॅक्यूम फिरवा आणि प्रत्येक खणाच्या मापाचा पातळ पुठ्ठा कापून, त्याला पॉलिस्टरचं फेल्ट गुंडाळून, खाली पॉलिथिन घालून वर ठेवा. हवं तेव्हा उचलता येतं, खालचं मूळ जसंच्या तसं राहतं. बनात आधीच फाटकी, तेलानं काळी, पोपडे धरलेली असेल तर काढायला हरकत नाही.

अस्तर काढताना

खण काढण्याआधी प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलनं आकडा टाका. सारख्या मापाचे दिसणारे खण आपापल्या जागीच नीट बसतात, अदलाबदल झाली की भांडण सुरू.

बनातीच्या एका कोपऱ्यात कोमट पाण्याचा थेंब सोडून पाच मिनिटं थांबा. खालचा डिंक बुळबुळीत झाला आणि कातड्याचा वास आला तर तो सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना डिंक. मग कोमट पाण्यानं ओलसर केलेलं फडकं ठेवत ठेवत, लाकडी पट्टीनं हळूहळू सोडवा. पाणी कमीत कमी, कारण तळाची फळी पातळ असते आणि एका अंगानं भिजली की वाकते. थेंबानं काहीच फरक पडला नाही आणि कड रबरासारखी ताणली गेली तर तो नंतरच्या काळातला रबरी सिमेंट. तो पाण्याला बधत नाही, बोथट पटाशीनं धीर धरून काढावा लागतो. दोन्हीकडे तोंडाला मास्क लावा, त्या धुळीत काय काय असतं सांगता येत नाही.

इथे एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. तळ घासायला मी स्टील वूल, म्हणजे बारीक पोलादी तारांची घासणी, वापरला. चार दिवसांनी ओकवर निळसर काळे ठिपके उमटले, शाई शिंपडल्यासारखे. ती शाईच असते: ओकमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य, लोखंडाचे तुकडे आणि ओलावा यांची. ऑक्सॅलिक आम्लानं ते फिकट झाले, पण आत पूर्ण गेले नाहीत. पॉलिश पेपर किंवा प्लास्टिकची जाळीदार घासणीच वापरा.

आता ओकचा स्वतःचा दोष

बनात काढून नागडा तळ ठेवला की सुटलो असं मला वाटलं होतं. पण ओक हे मुळातच आंबट लाकूड. त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच, फार संथपणे बाहेर पडत राहतं, पन्नास वर्षांनंतरही. उबदार दमट हवेत जास्त. ओकच्या कपाटात ठेवलेली शिशाची नाणी, शिक्के पांढरे पडून भुसभुशीत होतात हे संग्रहालयवाल्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. पोलादाचं तेवढं वाईट होत नाही, पण गच्च बंद खणात, दमट हवेत, तेलाचा थर पातळ झाला की सुरुवात होते.

उपाय म्हणजे खणाच्या आतल्या बाजूला मेण काढलेल्या शेलॅकचे (लाखेच्या वॉर्निशचे) दोन-तीन पातळ हात. आम्ल पूर्ण अडत नाही, पण बरंच कमी होतं आणि शेलॅक लवकर वाळतो. अळशीचं तेल, ‘डॅनिश ऑइल’ वगैरे आत लावू नका. ही तेलं वाळताना स्वतःच आम्लं सोडतात आणि बंद खणात महिनोन्‌महिने वास मारत राहतात. अगदी मोलाचे गेज ठेवायचे असतील तर शेलॅकवर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली प्लास्टिक फिल्म अंथरा आणि तिच्यावर पुठ्ठ्याचं अस्तर. शेलॅक लावल्यावर खण निदान दोन आठवडे उघडे ठेवा. घाई करून हत्यारं भरली की तोच वास त्यांच्या अंगाला.

अस्तर म्हणून काय घालू नये तेही सांगतो, कारण लोक हौसेनं घालतात: पीव्हीसीचा फोम आणि काळं रबर. पीव्हीसी जुनं होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं, रबरातून गंधक येतं. दोन्ही दिसायला छान.

मधला डावा खण

त्या खणाला अस्तर बदलूनही गुण आला नाही. नवा पुठ्ठा, नवं फेल्ट, शेलॅक, सगळं करून चाचणीचा तुकडा ठेवला तर आठव्या दिवशी तांबूस. शेजारचा खण स्वच्छ.

शेवटी खण रिकामा केला, एकेक वस्तू पांढऱ्या कागदावर मांडली आणि नाक जवळ नेलं. एका वस्तूला कापराचा वास येत होता. पेटीबरोबरच आलेला पिवळसर पारदर्शक कोनमापक, कडेनं जरा वाकलेला, पृष्ठभागावर बारीक तडे आणि घाम आल्यासारखी ओल. खाली त्याच्या आकाराचा तपकिरी डाग.

सेल्युलॉइड! म्हणजे नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून केलेलं जुनं प्लास्टिक. ते सडायला लागलं की नायट्रोजनची आम्लधर्मी ऑक्साइड सोडतं, ओलाव्याशी त्यांचं नायट्रिक आम्ल होतं, आणि त्या खणात जे जे धातूचं असेल त्यावर ते उतरतं. पितळेवरचा हिरवा थर तिथूनच. गंमत अशी की जुने मशिनिस्ट गंज लागू नये म्हणून पेटीत कापराची वडी ठेवत, म्हणून कापराचा वास आला की आपण निर्धास्त होतो. वडीचा वास आणि सडक्या सेल्युलॉइडचा वास सुरुवातीला एकच.

जुन्या मोजपट्ट्या, टेम्प्लेट, चाकूच्या मुठी, चष्म्याच्या डब्या, लहान आरशांच्या चौकटी, सगळ्यांवर संशय ठेवा. ओल सुटलेली, तडकलेली वस्तू पेटीतून लगेच बाहेर, हवेशीर जागी, उष्णतेपासून आणि ज्वालेपासून दूर. सेल्युलॉइड भयंकर पेट घेतं, तेव्हा ते ‘टेस्ट’ करायला काडी लावू नका. झालंच तर त्याच खोलीत सोल्डरिंगचं आम्ल, टाक्या साफ करायचं हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या बाटल्या आहेत का तेही बघा. झाकण घट्ट लावलेली बाटलीसुद्धा खोलीभर पोलाद गंजवते.

हवेचं काय

खणांची दुखणी बरी झाली की उरतो दमटपणा. साधा आर्द्रतामापक एक पेटीत, एक बाहेर ठेवा. सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्यानं वाढतो, आणि घामाचं मीठ असेल तर त्याआधीच. शिवाय दव: हवा 25 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन धरतं ते, साधारण 19 अंशांवर येतो. जड पोलादी ठोकळा रात्रभर थंड फरशीलगत राहून 18 अंशांवर आला असेल, आणि सकाळी तुम्ही खोली उघडून झाकण वर केलंत, की त्यावर पाणी धरणारच. पेटी फरशीवरून आणि बाहेरच्या भिंतीपासून हलवा. निम्मं काम एवढ्यानंच होतं.

सिलिका जेलच्या पुड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. लाकडी पेटी हवाबंद नसते, तुम्ही रोज दहादा खण ओढता, पुडी आठवडाभरात भरते आणि मग ती नुसती पाहुणी. घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात, स्लिप गेजसारख्या (अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यांसारख्या) वस्तूंसाठी ती ठीक. खणांत गंजरोधक वाफ सोडणारा कागद किंवा टिकली ठेवा, तारीख लिहून; साधारण वर्ष-दोन वर्षांनी बदलावी लागते. पितळ, तांबं शेजारी असेल तर वेष्टनावर त्या धातूंना चालते असं लिहिलेलीच घ्या.

खोली किंवा कपाट किंचित उबदार ठेवणं हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग. 20 अंशांची 80 टक्के आर्द्रतेची हवा 24 अंशांवर नेली तर आर्द्रता 63 टक्क्यांच्या आसपास उतरते, पाण्याचा एक थेंबही न काढता. मात्र बल्ब किंवा तापणारी कांडी पेटीच्या आत ठेवू नका. लाकूड फाटतं, सांधे सुटतात, आणि तेलकट बनातीशेजारी ते कसं वागेल याची परीक्षा मला घ्यायची नाही.

अडकणारे खण

याच दमट दिवसांत खण अडकतात आणि लोक रंधा काढतात. थांबा. साधं उभं चिरलेलं लाल ओक, 75 मिमी रुंद, त्यातला ओलावा 4 टक्क्यांनी वाढला तर ते 1.1 मिमी फुगतं. चांगल्या पेट्यांत वापरलेलं, गाभ्याकडून सालीकडे चिरलेलं असेल तर जेमतेम अर्धा मिमी. दमट दिवसांत तेवढं रंधून टाकलंत की कोरड्या दिवसांत खण खडखडणार, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. घासणाऱ्या कडांवर खडू फिरवा, खण दोनदा आत-बाहेर करा, जिथला खडू पुसला गेला तिथेच मेणबत्तीचं मेण चोळा. सिलिकॉनचा फवारा नको, तो लाकडात मुरतो आणि पुढे पॉलिश धरत नाही. सगळ्यात कोरड्या दिवसांतही अडकत असेल, तरच पॉलिश पेपर.

पुढची फळी, म्हणजे पेटी उघडल्यावर तळाच्या खणाखाली सरकवतात ती, अडकली तर पक्कड लावून ओढू नका. तळाचा खण काढला की वरून हात घालून ती मागून ढकलता येते.

माझ्या पेटीत आता महिन्याला एक चकचकीत तुकडा फिरता ठेवतो, दर वेळी वेगळ्या खणात. मधल्या डाव्या खणातला मात्र गेल्या वेळी चार महिने तसाच ठेवला, अजून तोंड दिसतं त्यात. पुढची फळी दमट दिवसांत अजूनही अडते. तिला मेण लावतो आणि सोडून देतो.